चारशे बत्तीस किलोमीटर

आधीच सांगून ठेवतो. यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही.

बसला तर माझं नाव बदला.

पण घडलंय ते शंभर टक्के खरं. ज्याच्यावर बेतलं, त्याच्याच तोंडून ऐकलंय. आणि ही गोष्ट रात्रीची नाही बरं का. रात्री काय, मांजर आडवं गेलं तरी माणूस दचकतो. ही भर दुपारची आहे. गेल्या मे महिन्यातली. दुपारी एक ते चार, अख्खं पुणं पंखा लावून आडवं होतं, त्या वेळची.

काल संध्याकाळी आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत, फाटकाजवळच्या बाकावर, मी ती सांगितली. ऐकायला तिघं होते. पहिल्या मजल्यावरचा सलिल, ज्याला सकाळ झाली याचाही पुरावा लागतो. तळमजल्यावरच्या शकीलाभाभी, मांडीवर गवारीचं ताट घेऊन. आणि आमचा वॉचमन गेनबा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर छातीशी धरून पेंगत होता.

सांगितली तशीच लिहितो.

तर, केदार नावाचा एक मुलगा. मूळचा वर्ध्याकडचा. राहायला वाघोलीला, नोकरीला रांजणगावच्या कारखान्यात. घरात दोनच माणसं. तो आणि त्याची आई, द्वारकाबाई.

द्वारकाबाईंची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. हॉस्पिटल शहरात, घरापासून मोजून अठरा किलोमीटर. आणि पाळी मिळाली होती दुपारी दीडची. केदारनं त्यासाठी कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली होती.

न्यायचं कशातून, हाच रोजचा प्रश्न. रिक्षावाले मान हलवायचे. कॅबवाले ‘येतो’ म्हणायचे आणि दहा मिनिटांनी कॅन्सल करायचे. एकदा तर माय-लेक दीड तास उन्हात उभे राहिले आणि पाळी चुकली. डॉक्टरांनी केदारला बाजूला घेतलं.

“एखादी चुकली तर सावरून घेऊ. असंच चालू राहिलं, तर आमच्याही हातात काही राहणार नाही.”

म्हणून गाडी हवी होती. नवी परवडणार नव्हती. जुनीच, पण कमी पळालेली. दमलेली गाडी रस्त्यात बंद पडली तर…

त्यापुढे केदार कधी बोलायचा नाही.

केदारला एक मामा होता. द्वारकाबाईंचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं पुण्यात काढलेला. बडबड्या. दहा गोष्टी सांगेल त्यातल्या नऊ हवेतल्या. भाच्यानं गाडी शोधायचं नाव काढलं आणि मामानं मिशीवर हात फिरवला.

“मामा ‘होता’?” शकीलाभाभींनी मध्येच विचारलं. “आता नाहीत?”

“असेल कुठेतरी. मला काय माहीत?”

मामानं शनिवार पेठेतली एक गाडी हुडकली. चंदेरी, पेट्रोलची, २०१९चं मॉडेल. मालक बद्रीनाथ बेहेरे. वय अठ्ठ्याहत्तर. पहिलाच मालक, आणि मीटरवर फक्त ३१,२०८ किलोमीटर.

गाडीच्या काचेला आतून कागद चिकटवला होता. सुवाच्य अक्षरात.

‘विकणे आहे. पाहण्याची वेळ सकाळी ९ ते १२. दुपारी १ ते ४ गाडीही झोपते.’

मामा पोट धरून हसला. “बघ रे! गाडीलासुद्धा वामकुक्षी!”

केदारही हसला.

चूक झाली ती तिथे. दुसऱ्या कुठल्याही गावात माणसाच्या मनात पाल चुकचुकली असती. गाडी दुपारी का दाखवत नाही, काय लपवताय? पण पुण्यात ‘एक ते चार बंद’ या पाटीचा कोणाला संशय येणार?

मामानं बरोबर अमीनला नेलं होतं. अमीनचं आळंदी रस्त्याला गॅरेज. पंचवीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घातलेला माणूस.

“मीटर सगळ्यात शेवटी बघायचं,” अमीन केदारला म्हणाला. “मीटर कोणीही फिरवून देतं. पाय कुठे पडलेत ते बघा.”

तो वाकला. क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत. एका कडेला तर खालचं लोखंड दिसत होतं. स्टिअरिंग तळहाताच्या जागी चकचकीत झालेलं. टायर गेल्याच वर्षीचे.

“काका, एकतीस हजारात टायर बदलले?”

“पुण्याचे खड्डे पाहिलेत का आपण?” बेहेरे म्हणाले. “की उडत आलात?”

अमीननं मीटरच्या भोवतालची पट्टी काढली. आतल्या स्क्रूंवर बॅटरी मारली. स्क्रूंच्या खाचा झिजून वाटोळ्या झाल्या होत्या.

“हे खूप वेळा उघडलंय,” तो हळूच म्हणाला. “खूप म्हणजे… खूप.”

मग त्यानं आपलं यंत्र गाडीला जोडलं. मीटरवरचा आकडा बदलला तरी इंजिनाच्या डब्यात एक आकडा राहून जातो. चोर बहुतेक तिथे सापडतो.

यंत्रावर आकडा आला. ३१,६४०.

अमीननं यंत्र काढून परत जोडलं. पुन्हा तोच.

“कितीचा फरक?” केदारनं विचारलं.

“चारशे बत्तीस.”

“हजार?”

“नाही ना. नुसते चारशे बत्तीस किलोमीटर.” अमीननं डोकं खाजवलं. “लोक पन्नास हजार मागे नेतात, साठ हजार नेतात. चारशे बत्तीस कोण नेतं? अन् कशासाठी?”

त्यांनी बेहेऱ्यांना विचारलं.

बेहेऱ्यांनी हातानं डाव्या काचेवरची धूळ पुसली.

“तुमच्या आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एकच आहे का?” मग ते म्हणाले.

अमीनची नव्हती. तो हसला, आणि विषय तिथेच संपला.

एक गोष्ट मात्र केदारच्या डोळ्यांत राहिली. गाडी चालवायची बेहेऱ्यांनी, पण ड्रायव्हरशेजारची डावी सीट जास्त दबलेली होती. खोल. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

“आमचं कुटुंब बसायचं तिथे,” बेहेरे न विचारताच म्हणाले.

“घरी आहेत?”

“एकवीस साली गेली.”

“सॉरी काका.”

“तुम्ही कशाला सॉरी? तुम्ही नेलीत का?”

बाहेर येऊन अमीननं हात टेकले. “केदारभाई, ही गाडी किती पळालीय ते मला सांगता येत नाही. आजपर्यंत असं कोणाला म्हणालो नव्हतो. मीटर म्हणतं एकतीस हजार. पेडल म्हणतं दीड लाख. इंजिन म्हणतं, काल आणलीय. मी असतो तर घेतली नसती.”

केदार अडखळला. पण मामा होता ना.

“अरे, डोळे मिटून घे! पेठेतला म्हातारा. पळवून पळवून किती पळवली असेल? फार तर भाजी मंडईपर्यंत!”

केदारनं मामाचं ऐकलं.

हे लक्षात ठेवा. मामाचं ऐकलं.

किल्ली देताना बेहेऱ्यांनी ती पटकन सोडली नाही. दोघांचेही हात तिच्यावर.

“चारशे किलोमीटर झाले की एकदा गाडी घेऊन या. चारशे. पाचशे नाही.”

“कशाला, काका?”

“मीटर दाखवून घ्यायचं. पोपट म्हणून माझा माणूस आहे. दहा मिनिटांचं काम.”

पोपटचं नाव निघाल्यावर गेनबानं एक डोळा उघडला. मग मिटला.

केदारला वाटलं, म्हातारा हौशी आहे. हो म्हणाला आणि विसरला.

पहिली खेप बुधवारी. द्वारकाबाईंना मागच्या सीटवर उशी देऊन आडवं केलं. नगर रस्त्याला नेहमीसारखी गर्दी. गाडी मात्र लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. केदारच्या मनावरचं ओझं उतरलं.

येरवडा आलं. घड्याळात बरोबर एक वाजला.

आणि…

टिंग… टिंग… टिंग…

समोर लाल दिवा. डाव्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

डाव्या सीटवर कोणीच नव्हतं.

केदारनं सीटवर हात फिरवला. पिशवी नाही, बाटली नाही. एसी समोरून लागत होता. सीट मात्र कोमट होती.

त्यानं रिकाम्या सीटचा पट्टा ओढून अडकवून टाकला. आवाज थांबला.

पुढच्या सिग्नलला…

खट्.

पट्टा सुटला. सावकाश, सरकत, आपल्या जागी गेला. कोणी हातानं सोडावा तसा.

टिंग… टिंग… टिंग…

“त्या बाईले सांग न,” मागून द्वारकाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. “पट्टा लाव म्हणा. डोकं उठलं माझं.”

“कोणत्या बाईला, आई?”

केदारनं मागे वळून बघितलं. त्या झोपल्या होत्या.

संध्याकाळी परत येताना काही नाही. चार वाजून गेले होते.

शुक्रवारी एक वाजता पुन्हा. शनिवारी केदारनं अमीनला गाठलं. अमीननं सीटखालची वायर उपटली, कापली आणि केदारच्या हातात दिली. “आता वाजू दे बघू.”

सोमवारी, वायरचा तुकडा केदारच्या खिशात असताना, बरोबर एक वाजता…

टिंग.

“सेन्सरचा प्रॉब्लेम,” सलिल म्हणाला. “शॉर्ट झाला असेल कुठेतरी.”

“असेल बाबा. पुढे ऐक.”

मग इतरही गोष्टी दिसायला लागल्या. बंद करून ठेवलेल्या गाडीची डावी काच सकाळी दोन बोटं खाली असायची. डावी सीट एक खाच मागे सरकलेली असायची, पाय लांब करून बसावं तशी. केदार पुढे घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे.

गाडी विकून टाकावी असं त्याच्या मनात रोज यायचं.

पण एक अडचण झाली होती.

द्वारकाबाई हसायला लागल्या होत्या.

वर्षभर ज्या बाईनं घासभर जेवण आणि दोन शब्द यांपलीकडे काही केलं नव्हतं, ती आता दुपारी एक वाजला की मागच्या सीटवर उठून बसायची. पुढच्या रिकाम्या सीटशी बोलायची. कैरीच्या लोणच्याबद्दल. गुडघ्यांबद्दल. पोरांच्या लग्नांबद्दल. मधेच थांबायची, ऐकायची आणि खुदकन हसायची.

केदार नुसता स्टिअरिंग धरून बसायचा. काय करणार? एका बाजूला अंगावर काटा, दुसऱ्या बाजूला आईचं हसू.

“कोणाशी बोलून राहिली गं?” एकदा त्यानं विचारलंच.

“बेहेरीणबाईशी. लई चांगली हाये. पण तिले उतरायची घाई लागली. म्हणते, माझं ठिकाण आलं की तो मागं नेते, आलं की मागं नेते. मले उतरूच देत नाही.”

केदारनं आईला बेहेऱ्यांचं नाव कधी सांगितलं नव्हतं.

दहाव्या खेपेला द्वारकाबाईंनी हट्ट धरला. “मले समोर बसव.”

त्या पुढे बसल्या. पट्टा लावला. एक वाजला.

काही वाजलं नाही.

एक वाजून पाच. काहीच नाही.

आवाजापेक्षा तो शुकशुकाट वाईट होता. रस्ता भरून वाहत होता, पण हॉर्नसुद्धा ऐकू येत नव्हते. आणि मग मागच्या रिकाम्या सीटवर…

सर्रर्र… खट्.

मागचा पट्टा कोणीतरी ओढून लावला होता.

केदारनं आरशात बघितलं नाही. हॉस्पिटल येईपर्यंत नाही.

अकरावी खेप झाली. शुक्रवार. घरी येऊन गाडी लावताना त्याची नजर सहज मीटरवर गेली.

३१,६२१.

आणि त्याला अमीनच्या यंत्रावरचा आकडा आठवला. ३१,६४०.

शनिवारी दुपारी दीडला त्यानं बेहेऱ्यांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. दोनला लावला. तीनला. साडेतीनला. चार वाजून एक मिनिटानं फोन उचलला गेला, आणि ‘हॅलो’च्या जागी एकच प्रश्न आला.

“किती झाले?”

“एकतीस सहाशे एकवीस.”

“मी चारशेला या म्हणालो होतो.”

“काका, काय आहे त्या आकड्याला?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ती गेली त्या आकड्याला. बंडगार्डनच्या पुलाच्या अलीकडे. श्वास लागला होता म्हणून नेत होतो. मी घाबरून तिच्याकडे बघायचं टाळत होतो, म्हणून मीटरकडे बघत होतो. सहाशे चाळीस झाले आणि ती बोलायची थांबली. तेरावं झाल्यावर पोपटला बोलावलं. म्हटलं, आकडा मागे ने. चारशे बत्तीस. तेव्हा ती धडधाकट होती, आम्ही दुपारी फिरायला जायचो. दुसरं काही मनात नव्हतं हो. नुसता तो आकडा पुन्हा बघायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी काढली. एक वाजला, आणि…”

“टिंग,” केदार म्हणाला.

“पट्टा लावायची नाही कधी. जिवंत असतानाही.”

“मग?”

“मग चारशे बत्तीस व्हायच्या आत पुन्हा मागे नेला. पुन्हा. पुन्हा. गाडी किती पळालीय विचारत होतात ना तुम्ही? खरंच सांगतो, मला माहीत नाही.”

“आणि तो आकडा आला तर?”

“मी कधी येऊच दिला नाही. त्यामुळे तेही माहीत नाही.”

“मग मला विकलीत कशाला?” केदार ओरडला. “माझी आई बसते त्यात!”

“डोळे गेले. परवाना गेला. तिला काय उभ्या गाडीत कोंडून ठेवू?” म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “सोमवारी सकाळी आणा. पोपट गावाला गेलाय, सोमवारी येतो. तोवर गाडी हलवू नका.”

केदारनं गाडीची किल्ली डाळीच्या डब्यात टाकली. पेट्रोल भरायला सकाळीच तो पंपावर जाऊन आला होता, ते फोनवर सांगायचं राहूनच गेलं होतं. मीटर ३१,६२४. म्हणजे उरले सोळा.

सोमवार काही लांब नव्हता. मधे फक्त एक रविवार.

रविवारी सकाळी शेजारच्यांकडे पाहुणे आले होते. त्यांनी प्रेमानं कलिंगडाच्या फोडी आणून दिल्या. केदार रात्रपाळीहून येऊन झोपला होता. उकडत होतं. द्वारकाबाईंनी सगळ्या खाल्ल्या.

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं. फोडी कोण मोजणार?

साडेअकराला केदार जागा झाला तो घरघरीच्या आवाजानं. आई भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळे.

हॉस्पिटल म्हणालं, ताबडतोब आणा. ॲम्ब्युलन्स म्हणाली, पाऊण तास. कॅब… कॅन्सल. दुसरी… कॅन्सल. रिक्षावाला म्हणाला, “एवढ्या लांब? आजी मधेच गेल्या तर?” शेजारची गाडी पाहुण्यांना सोडायला गेलेली.

केदारनं डाळीचा डबा जमिनीवर उपडा केला.

मागचं दार उघडलं तर द्वारकाबाईंनी मान हलवली.

“मागं नको… मागं ती बसून हाये.”

त्यांना पुढे बसवलं. पट्टा लावायला गेला तर म्हणाल्या, “छातीवर नको रे. श्वास नाही पुरत.” त्यानं लावला नाही.

अठरा किलोमीटर जायचं होतं. मीटर सोळाच देत होतं.

बेरीज-वजाबाकी चौथीच्या पोराला येते. केदारलाही येत होती. पण करणार काय? न्यावं तर तो आकडा. न न्यावं तर डोळ्यांसमोर आई.

खराडी. ३१,६२९. चंदननगर. विमाननगरचा सिग्नल. आकडा बदलला की केदारचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा. येरवडा. ३१,६३८. रस्ता रविवारचा, मोकळा. नको तेव्हा मोकळा!

३१,६३९.

आणि केदारनं ब्रेक मारला.

बंडगार्डनच्या पुलाच्या अलीकडे, डाव्या कडेला गाडी घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत धरली. खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. गाडी तसूभर हलता कामा नये. उरलेले दोन-तीन किलोमीटर कशातूनही न्यायचे. रिक्षा. टेम्पो. काहीही.

बारा पन्नास झाले होते.

तो रस्त्यावर उभा राहून हात करत होता. गाड्या वळसा घालून जात होत्या. एक जण काच खाली करून म्हणाला, “मधे काय उभा राहतोस?” आणि गेला. दोन मिनिटं. चार मिनिटं. आठ. काचेतून आई दिसत होती. त्याच्याकडे बघत होती. तिनं हात वर केला. ‘ये’ म्हणत होती की ‘जाऊ दे’ म्हणत होती, ते त्याला आजही माहीत नाही.

एक रिक्षा थांबली. खरंच थांबली. तरुण रिक्षावाला उडी मारून उतरला. “चला दादा, आजींना उचला!”

केदार वळला.

आणि बंद गाडीतून…

टिंग.

एकदाच.

किल्ली केदारच्या मुठीत. दगड चाकाला. आणि काचेच्या आत मीटर उजळलेलं.

३१,६४०.

द्वारकाबाईंची मान एका बाजूला कलली होती. छातीवरून पट्टा नीट, ताठ लावलेला. तो केदारनं लावला नव्हता. आणि मागच्या सीटचा पट्टा… नुकताच सोडल्यासारखा हळूहळू मागे सरकत होता.

मागचं दार उघडं होतं.

शकीलाभाभींचे हात ताटात थांबले. मी रुमालानं डोळे पुसले. पाणी येतं हल्ली. वयच झालंय.

“डॉक्टर काय म्हणाले?” भाभींनी विचारलं.

“फुप्फुसात पाणी झालं म्हणाले. दहा-पंधरा मिनिटं आधी पोचला असतात तर बघता आलं असतं, असंही म्हणाले.”

“म्हणजे…” सलिल म्हणाला. “तो थांबला नसता तर?”

“तेच. आकड्यानं नेलं, की आकड्याला घाबरून थांबला त्यानं नेलं? केदार हेच विचारत बसतो. रात्रपाळी सोडली, वाघोली सोडली, गावी गेला. मामाशी बोलत नाही. गाडी घे म्हणाला कोण? मामा.”

“आणि बेहेरे?”

“केदारचा मामा गेला होता त्यांना जाब विचारायला. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, रविवारी दुपारी झोपेतच गेले. एक ते चारच्या मधे. किती वाजता, ते कोणी सांगितलं नाही. मामानंही विचारलं नाही.”

“आणि ती गाडी?”

“तिची विल्हेवाट मी लावतो, असं मामानं केदारला सांगितलं. आईची शपथ घेतली. आणि लावली. सरळ भंगारवाल्याकडे नेली, यंत्राखाली घातली, पत्र्याची पेटी होईस्तोवर तिथून हललो नाही… हलला नाही. मामा हलला नाही. पावतीसुद्धा आहे. गाडी संपली, मीटर संपलं, गोष्ट संपली.”

मी उठलो. साडेसहा वाजले होते, डास यायला लागले होते.

तेव्हा गेनबानं दोन्ही डोळे उघडले. झोपलेला नव्हताच तो.

“अण्णा, खोटं.”

“काय खोटं?”

त्यानं रजिस्टर उघडलं. थुंकी लावून पानं उलटली आणि बोट ठेवलं.

“ह्यो पोपट. जून म्हैन्यात आला, जुलैत आला, आन् परवा पुन्यांदा आला. कुनाकडं, तर तुमच्याकडं. काम काय, तर मीटर. सही हाय त्याची.” गेनबानं रजिस्टर मिटलं. “चंदेरी गाडी तुमच्याच जागंवर कव्हर घालून उभी हाय, अण्णा. रोज साडेबाराला कव्हर तुम्हीच काढता, फाटक मीच उघडतो. गाडी भंगारात गेली म्हनता, मग रोज दुपारी एकटंच बसून, ‘द्वारके, पट्टा लाव गं’ असं कुनाला म्हनता?”